रसाळगड ते महिपतगड: सह्याद्रीची हद्द उजव्या हाताला ठेवून चालायची वाट

रत्नागिरी आणि सातारा या दोन जिल्ह्यांची हद्द ढोबळमानाने सह्याद्रीच्या माथ्यावरून जाते. ही रेघ कागदावर आखण्याआधी पाण्याने आखलेली आहे. माथ्याच्या पूर्वेला पडलेला पाऊस कोयनेत जातो, तिथून कृष्णेत आणि अखेर बंगालच्या उपसागरात. पश्चिमेला पडलेला पाऊस जगबुडीत उतरतो, खेड शहरावरून वाशिष्ठीला मिळतो आणि दाभोळच्या खाडीतून अरबी समुद्राला. अंतर दोन पावलांचं आणि समुद्र वेगळे.

ही हद्द पायी बघायची तर साहजिकच वाटतं की त्या माथ्यावरच चढावं. खेड तालुक्यापुरतं माझं मत उलटं आहे. माथ्याच्या कडेला उभं राहिलं की समोर कोकण दिसतं, मागे कोयनेचं खोरं दिसतं, पण पायाखालची भिंत, म्हणजे कोकणात उतरणारा सह्याद्रीचा सलग कडा, दिसत नाही. पहिल्या रांगेत बसून सिनेमा बघावा तसं होतं. शिवाय पलीकडचा बराचसा मुलूख कोयना अभयारण्यात आणि 2010 साली जाहीर झालेल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो, तिथे मनाला येईल तसं फिरता येत नाही.

भिंत बघायची जागा तिच्या समोर आहे. खेडच्या पूर्वेला सह्याद्रीला जवळजवळ समांतर अशी एक रांग धावते. मुख्य सह्याद्री आणि ही रांग यांच्यामध्ये जगबुडीचं खोरं आहे. रांगेवर दक्षिणेला रसाळगड, मध्ये सुमारगड आणि उत्तरेला महिपतगड. ट्रेकर मंडळी ‘आर-एस-एम’ म्हणतात ती हीच वाट. दोन मुक्काम, तीन किल्ले, आणि बहुतेक वेळ सीमेची भिंत खोऱ्यापलीकडे उभी. किल्ल्यांसाठी लोक येतात, मी हा लेख त्या भिंतीसाठी लिहितोय. त्यामुळे कुठल्या वेळी कुठे असायचं यावर माझा भर जरा जास्त आहे, बुरूज-तटबंदीवर कमी.

आधी महिना ठरवा

एक हिशेब माहीत असावा. उघड्यावरून क्षितिज किती लांब दिसतं हे काढायचं तर आपली उंची मीटरमध्ये घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं आणि त्याला साडेतीनने गुणायचं. उत्तर किलोमीटरमध्ये येतं. महिपतगड समुद्रसपाटीपासून साधारण 940 मीटर, म्हणजे क्षितिज शंभर किलोमीटरच्या पलीकडे. रसाळगड 540 मीटरच्या आसपास, तिथूनही ऐंशी किलोमीटर. दापोली-हर्णैचा किनारा याच्या कितीतरी आत आहे. म्हणजे गणिताने समुद्र दिसायलाच हवा. एरवी दिसत नाही, कारण मध्ये कोकणची दमट, धुरकट हवा असते.

म्हणून महिना महत्त्वाचा. पाऊस परतल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यापासून पुढे, हवा धुतलेली असते आणि भिंतीवरची प्रत्येक घळ वेगळी ओळखू येते. तोटा असा की तेव्हा गवत कमरेएवढं असतं, वाट त्याखाली गडप झालेली असते आणि ऑक्टोबरचं ऊन कोकणात कुणाला दया दाखवत नाही. नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते जानेवारी हा माझ्या मते उत्तम काळ. गवत वाळून आडवं व्हायला लागतं, ढोरवाटा उघड्या पडतात, पाण्याची टाकी भरलेली असतात. फेब्रुवारीनंतर धुरकटपणा वाढतो, वणवे लागतात आणि पाण्याचा भरवसा कमी होतो. मार्च ते मे या वाटेला जाऊ नये.

पावसाळ्यात रसाळगड एकटा करावा, छान हिरवा असतो. पूर्ण धार मात्र नको. सुमारगडाच्या आडव्या वाटेवर ओलं गवत आणि समोर धुकं असताना पाऊल कुठे पडतंय ते कळत नाही, आणि ज्या भिंतीसाठी जायचं ती आठ-आठ दिवस ढगातून बाहेर येत नाही.

दिशा: दक्षिणेकडून उत्तरेकडे

महिपतगड सगळ्यात उंच, तेव्हा तिथून सुरुवात करून उतरत रसाळगडाला यावं असं नकाशा बघणाऱ्याला वाटतं. गुडघ्यांसाठी ते बरंही आहे. पण डोळ्यांसाठी रसाळगडावरून सुरुवात केलेली चांगली.

कारण ऊन. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडे कललेला असतो. उत्तरेकडे तोंड करून चाललात तर तो पाठीशी राहतो आणि समोरचा मुलूख उजळलेला दिसतो. उलट दिशेने चाललात तर दुपारभर डोळ्यांवर टोपी ओढून चालायचं. हद्दीची भिंत तुमच्या पूर्वेला आहे. सकाळी सूर्य तिच्या मागून येतो, त्यामुळे दहा-साडेदहापर्यंत ती नुसती काळी-निळी आकृती असते, कड्यांचे थर दिसत नाहीत. दुपारी तीननंतर पश्चिमेचं ऊन थेट तिच्यावर पडतं आणि मग तास-दोन तास सगळं उलगडतं. म्हणजे दिवसाचा तिसरा प्रहर उंच आणि मोकळ्या जागी घालवायचा. पहिल्या दिवशी ती जागा रसाळगड, दुसऱ्या दिवशी महिपतगड. बाकीचं वेळापत्रक याच्याभोवती बसवा.

एका दिवसात तिन्ही गड मारणारे तगडे लोक आहेत. त्यांना शुभेच्छा.

खेडपर्यंत आणि खेडहून पुढे

खेड मुंबई-गोवा महामार्गावर आहे आणि कोकण रेल्वेचं स्थानकही आहे. मुंबईहून मांडवी एक्सप्रेस धरली तर दुपारच्या आत खेडला उतरता येतं आणि त्याच दिवशी रसाळगड गाठता येतो. कोकणकन्या रात्रीची, ती पहाटेच्या अंधारात उतरवते. मग स्टेशनवर चहा घेत उजाडायची वाट बघायची. पुण्याहून येणाऱ्यांना ताम्हिणी किंवा वरंधा उतरून महाडवरून येता येतं, पण वरंध्याचा रस्ता पावसाळ्यात आणि दुरुस्तीसाठी अधूनमधून बंद असतो. निघण्यापूर्वी खात्री करा.

खेडहून रसाळगडाच्या पायथ्याच्या वाडीपर्यंत आता गाडीरस्ता आहे. एसटीच्या फेऱ्या मोजक्या आहेत, त्यांच्या वेळा स्टँडवर चौकशीच्या खिडकीत विचाराव्यात, मोबाइलवरच्या वेळापत्रकावर विसंबू नये. चार-सहा जण असाल तर खेडमधून जीप किंवा टमटम ठरवणं सोयीचं. ठरवताना दोन गोष्टी एकाच वेळी बोलून घ्या: आज रसाळवाडीला सोडायचं आणि परवा दुपारी दहिवलीला, महिपतगडाकडून उतरायच्या गावी, घ्यायला यायचं. स्वतःची गाडी आणली तर ती रसाळवाडीत राहते आणि तुम्ही दुसऱ्या टोकाला उतरता, म्हणजे ती आणायला पुन्हा उलटा प्रवास. एकाच गाडीने येणाऱ्यांनी ती खेडमध्ये ठेवावी.

वाटाड्या घ्या. हा सल्ला प्रत्येक लेखात असतो आणि प्रत्येक जण तो सोडून पुढे वाचतो, म्हणून कारण सांगतो. रसाळगडावर जायला कुणी लागत नाही, महिपतगडही मळलेल्या वाटेने करता येतो. मधला टप्पा वेगळा आहे. तिथे गुरांच्या वाटा इतक्या आहेत की चुकीची वाटच जास्त मळलेली दिसते, आणि ती तुम्हाला अर्ध्या तासाने एखाद्या पाणवठ्यावर नेऊन सोडते. मोबाइलमध्ये उतरवलेला वाटेचा माग जवळ असावा, पण गवत वाढलं, दरड आली, की वाट दरवर्षी थोडी सरकते. मोबाइलला ते माहीत नसतं. रसाळवाडीत आदल्या संध्याकाळी विचारलं की कुणीतरी तयार होतं. किती वाजता निघायचं, सुमारगडाच्या माथ्यावर येणार की नाही, महिपतगडाखालच्या वाडी बेलदारपर्यंत सोडणार का, परतीचं त्यांचं कसं, आणि पैसे किती, हे सगळं आधी बोला. परत जायला त्यांना दुसरा दिवस मोडावा लागतो, तो हिशेबात धरा आणि घासाघीस करू नका.

पहिला दिवस: रसाळगड

वाडीतून गड अर्ध्या-पाऊण तासाचा. दरवाजातून आत गेलं की झोलाई देवीचं प्रशस्त देऊळ, शेजारी पाण्याचा तलाव, गडभर विखुरलेल्या तोफा आणि पुढे धान्याचं कोठार. गड लहान आहे, तासाभरात पाहून होतो. हा सगळा जावळीच्या मोऱ्यांच्या प्रभावाखालचा मुलूख. 1656 साली शिवाजी महाराजांनी जावळी घेतली आणि या बाजूचे गड स्वराज्यात आले.

तीनच्या सुमारास माथ्याच्या पूर्वेकडच्या कडेला या आणि बसा. कॅमेरा नंतर काढा, आधी भिंत वाचायला शिका.

उत्तरेकडून सुरुवात करायची. हवा चांगली असेल तर ईशान्येला लांबवर महाबळेश्वरचं पठार आडवं पसरलेलं दिसतं. त्याच्या अलीकडे दोन उंचवट्यांचं, मध्ये खोगिरासारखी खाच असलेलं शिखर आहे, तो मधु-मकरंदगड. उंची 1230 मीटरच्या वर. एकदा तो ओळखला की पुढचे तीन दिवस दिशा चुकत नाही, कारण या धारेवरून तो फार वेळ नजरेआड होत नाही. मकरंदगडाच्या बाजूला हातलोट घाटाची उतरण आहे. खालच्या बिरमणीतून वरच्या हातलोट गावात जाणारी ही जुनी पायवाट. घाट शोधण्याची युक्ती सोपी: सलग कड्यात जिथे झाडीची हिरवी पट्टी माथ्यापर्यंत चढलेली दिसते तिथे नाळ (कड्यातली अरुंद घळ) किंवा सोंड (डोंगराची उतरती धार) असते, आणि तिथेच माणसाने वाट काढलेली असते. नागडा कातळ सलग असेल तिथे वाट नाही.

मकरंदगडापासून नजर दक्षिणेकडे सरकवत आणली की पर्वत आणि चकदेव हे दोन डोंगर येतात. पर्वतावर जोम मल्लिकार्जुनाचं, चकदेववर शैल चौकेश्वराचं देऊळ आहे. देवळं पलीकडची, पण खेडच्या आंबिवली-आंबोली भागातली माणसं पिढ्यानपिढ्या शिड्यांच्या वाटेने चकदेवला जात आली. जिल्हा बदलतो, देव तोच राहतो. आणखी दक्षिणेला रघुवीर घाट आणि त्याला लागून महिमंडणगड. घाटातला डांबरी रस्ता ऊन पडल्यावर एखाद्या वळणावर चमकतो. त्याच्याही पुढे नागेश्वर आणि वासोट्याची बाजू.

हे झालं नावांचं. आता थर बघा. दख्खनचा हा सगळा कातळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. लाव्हा एकदाच आला नाही, पुन्हा पुन्हा येत राहिला, त्यामुळे भिंतीवर आडवे पट्टे दिसतात. टणक थर कडा होऊन उभा राहतो, ठिसूळ थर झिजून त्याचा उतार होतो आणि त्यावर माती धरून जंगल वाढतं. यालाच आपल्याकडे पदर म्हणतात. चारच्या उन्हात हे कडा-पदर-कडा-पदर इतकं स्पष्ट दिसतं की मोजता येतं. मग मागे वळून आपल्या रांगेकडे बघा. तेच थर, त्याच क्रमाने. मधला भाग जगबुडीने आणि तिच्या ओढ्यांनी खाल्लेला आहे.

सूर्य डिसेंबरात सहाच्या आगेमागे मावळतो. पश्चिमेला खेडची सखल भूमी, जांभ्याचे सडे आणि त्यांच्यापलीकडे कधीकधी समुद्राची चकाकी. समुद्र दिसलाच तर तो मावळतीच्या आधीच्या वीस-पंचवीस मिनिटांतच दिसतो, पाण्यावरून ऊन परावर्तित होतं तेव्हा. उशिरा वर आलेले हे हमखास चुकवतात.

मुक्काम देवळाच्या आवारात किंवा वाडीत. गावकऱ्यांना विचारल्याशिवाय देवळात पथारी टाकू नये. दारू, मटण यांचं नाव काढू नये. वाडीत एखाद्या मावशींना आधी सांगितलं तर तांदळाची भाकरी आणि कुळथाचं पिठलं मिळतं, आणि दुसऱ्या दिवशीच्या चालीला याहून चांगलं काही नाही.

दुसरा दिवस: सुमारगड आणि पुढे

सगळा कस इथे लागतो. उजाडताच निघा. रसाळगड ते सुमारगड चार ते पाच तास, सुमारगड ते वाडी बेलदार आणखी तीन-चार तास, वर महिपतगडाचा चढ. अंधार पडायच्या आत बसवायचं तर सकाळचा एक तास वाया घालवून चालत नाही.

रसाळगड उतरून वाट धारेवरून उत्तरेला निघते. सुरुवातीला मोकळा माळ, मग झाडी, मध्ये धनगरवाडा लागतो. तिथे पाणी भरून घ्या आणि वाटेची पुन्हा एकदा खात्री करून घ्या, वाटाड्या सोबत असला तरी. ‘वाट मोडलीय का, मोहळं कुठे बसलीत’ एवढं विचारलं तरी पुरे. या वेळी उजवीकडची भिंत काळोखात असते, पण जगबुडीच्या खोऱ्यात बहुतेक हिवाळी सकाळी धुकं साचलेलं असतं. थंड हवा जड असते, ती रात्री उतारावरून खाली सरकते आणि तळाला धुकं धरतं. ऊन खोऱ्यात उतरलं की तासा-दीड तासात ते विरून जातं.

पुढे चढ लागतो आणि सुमारगडाचा कातळटोप समोर येतो. इथून जपून. वाट कड्याच्या पायथ्याने आडवी जाते, एका बाजूला कातळ आणि दुसऱ्या बाजूला वाळक्या गवताचा उतार. वाळलेलं गवत उताराच्या दिशेने झोपलेलं असतं आणि त्यावर बूट घसरतो. काही सवयी लावून घ्या: एका वेळी एकाच माणसाने अवघड जागा ओलांडायची, बाकीच्यांनी थांबायचं, पाऊल सपाट टाकायचं, टाचेवर किंवा कडेवर नाही, गवत धरून तोल सावरायचा नाही, कारवीच्या झुडपाचा दांडा धरायचा तर मुळाशी, आणि फोन खिशात. दृश्य बघायचं असेल तर थांबून बघा, चालताना पाय बघा.

माथ्यावर जायला कातळात लोखंडी शिडी बसवलेली आहे. चढण्याआधी खालचे आणि वरचे जोड हलवून बघावेत, एका वेळी एकानेच चढावं, मोठ्या सॅक खाली एका माणसापाशी ठेवाव्यात. गटात कुणी नवखं असेल तर पंधरा-वीस मीटरचा दोर आणि तो वापरायला येणारा माणूस सोबत हवाच. दोर आहे पण गाठ येत नाही, यापेक्षा माथा सोडलेला बरा. सुमारगड न चढताही वाट त्याच्या पोटाशीतून पुढे जाते आणि भिंतीच्या दृश्यात काही कमी पडत नाही. वर गेलात तर कातळात खोदलेली खांबटाकी आणि महादेवाचं स्थान बघायला मिळतं. टाक्यातलं पाणी गार असतं. गाळून आणि शुद्ध करून प्या.

आग्या मोहळाबद्दल इथेच सांगतो. या रांगेच्या कड्यांवर मोहळं बसतात. अत्तर, सुगंधी तेल, डिओ लावून येऊ नका. सिगारेट, चूल, फटाका, ड्रोन, आरडाओरडा काहीही नको. माश्या उठल्याच तर हात न झाडता, तोंड-डोकं कापडाने झाकून झाडीत शिरायचं. कड्याच्या वाटेवर पळत सुटणं माश्यांपेक्षा वाईट.

सुमारगडानंतर वाट झाडीत शिरते आणि उन्हापासून सुटका होते. हा पट्टा मला सगळ्यात आवडतो, जरी इथून भिंत क्वचितच दिसते. कारवी दाट आहे. दर सात वर्षांनी ती फुलते तेव्हा उतार जांभळा होतो, एरवी नुसती काटक्यांची गर्दी. दोन-तीन ठिकाणी झाडी उघडते आणि डावीकडे खेडची बाजू दिसते. वाटा फुटतात त्या याच पट्ट्यात. नियम एवढाच की फाट्यावर शेवटचा माणूस येईपर्यंत पुढच्याने थांबायचं. हरवणारे नेहमी मधले असतात, पुढच्याला वाट दिसत नाही म्हणून तो थांबतो, मागचा मागेच राहतो, आणि मधला गप्पा मारत भलत्या वाटेला लागतो.

वाडी बेलदार ही महिपतगडाच्या पायथ्याची छोटी वस्ती. इथे पोचायची वेळ दुपारी दोन-अडीच असेल तर तसेच गडावर चढा. चारनंतर पोचलात तर वाडीतच राहा. थकलेल्या पायांनी संध्याकाळी तो चढ घेऊन पदरात काही पडत नाही, आणि वरचं जंगल मोठं आहे, अंधारात देऊळ सापडत नाही.

महिपतगड

तिघांतला सगळ्यात प्रचंड गड हाच, विस्तार सव्वाशे एकरांच्या घरात. बांधकाम मात्र कमी. जागोजागी चुन्याचे ढीग पडून आहेत, म्हणजे सामान आलं आणि काम अर्ध्यावर राहिलं. सहा दरवाजांची नावं आजही सांगितली जातात: कोतवाल, लालदेवडी, पुसाटी, यशवंत, खेड आणि शिवगंगा. काहींच्या जागी आता नुसती खिंडारं उरली आहेत. मध्यभागी झाडीत पारेश्वराचं देऊळ आणि जवळ पाणी. मुक्काम इथे करायचा.

गड झाडांनी भरलेला असल्याने मधोमध उभं राहिलात तर काही दिसत नाही. दृश्यासाठी कडेला जायला हवं, आणि कडा निवडून. दुपारच्या उन्हासाठी पूर्वेची, पुसाटी दरवाजाची बाजू. इथून भिंत सर्वांत जवळ येते. रसाळगडावरून जे ओळखायला शिकलात ते आता दुप्पट आकाराचं समोर असतं. मकरंदगडाची खाच, हातलोटची उतरण, पदरातली झाडी, एखाद्या वाडीचा धूर. उत्तरेच्या कोतवाल दरवाजाकडून जावळीच्या दाट खोऱ्याची आणि महाबळेश्वरच्या पठाराची बाजू. सकाळी मात्र पश्चिमेची कड गाठा. ऊन पाठीमागून येतं, खाली धुकं असतं, आणि नशीब असेल तर त्या धुक्यावर तुमचीच सावली गोल सप्तरंगी कड्यात पडते. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर यासाठी लोक ताटकळतात. सूर्य पाठीशी, धुकं समोर आणि खाली, एवढं जुळलं की इंद्रवज्र कुठल्याही कड्यावरून दिसू शकतं.

देवळातून संध्याकाळी कडेकडे जाताना येताना वाटेवर दगडांच्या खुणा बघत जा, आणि बॅटरी दिवसाउजेडीच खिशात टाका. गव्यांचा वावर या भागात आहे. दिसला तर थांबायचं, बाजूला व्हायचं, फोटोसाठी जवळ जायचं नाही.

सॅकमध्ये काय

पाणी माणशी चार लिटरची सोय, कारण दुसऱ्या दिवशी मधल्या तासांत भरवशाचं पाणी नाही. क्लोरीनच्या गोळ्या. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि जाड पँट, कारवी आणि गोचीड दोन्हींसाठी. तळ न झिजलेले बूट, नवेकोरे नकोत. डोक्याला बांधायची बॅटरी प्रत्येकाकडे स्वतःची. हलका तंबू किंवा ताडपत्री. मीठ-साखर, बँडेज, क्रेप पट्टी, शिट्टी. भरलेली पॉवर बँक, कारण रेंज शोधता शोधता फोन मरतो. काठी एक तरी.

रत्नागिरी जिल्ह्यात फुरसं हा विषारी साप भरपूर. ते लहान असतं, दगडाखाली, पालापाचोळ्यात बसतं आणि हात घातल्यावर चावतं. दगड उचलताना, शिडीच्या वरच्या टोकाला हात टाकताना आधी बघा. चावलं तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यांतलं काही करायचं नाही. माणसाला शांत ठेवायचं, चावलेला भाग हलू द्यायचा नाही, अंगठी-घड्याळ काढायचं आणि उचलून खाली न्यायचं. मदतीसाठी 108 किंवा 112. महामार्गालगत कळंबणीला उपजिल्हा रुग्णालय आहे. वाटेतूनच फोन करून कल्पना द्या. धारेवर रेंज बहुधा पश्चिमेच्या, खेडकडच्या कडेला मिळते, खोऱ्याकडे मिळत नाही. हे आधीपासून लक्षात ठेवायचं, वेळ आल्यावर शोधत बसायचं नाही.

गडावर शेकोटी नको. डिसेंबरात एक ठिणगी वाळल्या गवतात पडली तर डोंगर पेटतो, आणि तो चारा कुणाच्यातरी गुरांचा असतो. स्टोव्ह न्या, तोही कातळावर लावा.

उतरणं आणि एक जोड

तिसऱ्या दिवशी सकाळी पश्चिमेची कड बघून झाली की वाडी बेलदारमार्गे दहिवलीला उतरायचं. तीन तास धरा. या भागात रस्त्यांची कामं होत असतात, गाडी कुठपर्यंत वर येते हे वाडीत विचारून मग ड्रायव्हरला फोन करा, एक-दोन तासांची चाल वाचू शकते. दहिवलीहून खेडला जाणारी शेवटची गाडी लवकर सुटते, तिच्या भरवशावर परतीचं रेल्वे तिकीट काढू नये.

अर्धा दिवस हाताशी असेल आणि जीप ठरवलेली असेल तर खेडला जाण्याऐवजी ती खोपीमार्गे रघुवीर घाटात वळवा. हा रस्ता हद्द ओलांडून साताऱ्यातल्या शिंदी गावाकडे, कांदाटी खोऱ्यात उतरतो. खिंडीत थांबलात की पूर्वेला कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या बाजूचे डोंगर आणि पश्चिमेला कोकण. वायव्येकडे तोंड केलं की हवा साफ असताना तीन दिवस चाललेली धार उन्हात आडवी दिसते, सुमारगडाच्या टोपावरून ती ओळखायची. पावसाळ्यात या घाटात दरडी येतात आणि पर्यटकांना बंदी घातली जाते. हिवाळ्यातही रस्त्याची अवस्था खोपीत विचारून मगच वर जा, आणि संध्याकाळी सहाच्या आत खाली या, कारण घाटात गाडी अडली तर मागून दुसरी येईलच असं नाही.